प्लाझ्मॉनिक उपकरणांतला लॉस: कुठे रोखायचा, कुठे जुळवायचा, कुठे राबवून घ्यायचा

मराठवाड्यातल्या एखाद्या कॉलेजात सोन्या-चांदीच्या नॅनोकणांवर एमएस्सीचा प्रकल्प सादर होत असला की बाहेरून आलेले परीक्षक एक प्रश्न विचारणारच: "लॉस कमी करायला काय केलंत?" (लॉस म्हणजे प्रकाशातून घेतलेली ऊर्जा वाया जाणं.) पोरं चाचरत चांदीचं नाव घेतात, एखादा गेन मीडियम, म्हणजे बाहेरून ऊर्जा पुरवणारं माध्यम, म्हणतो, आणि विषय तिथेच मिटतो. खरं तर त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारतच नाही: तुमच्या उपकरणाला लॉस नकोच आहे का?

जायकवाडीच्या कालव्यातून पाझरणाऱ्या पाण्याबद्दल टेलचा शेतकरी बोटं मोडतो, आणि कालव्याकाठच्या विहिरी त्याच पाझरावर भरतात. प्लाझ्मॉनचंही, म्हणजे प्रकाशाने धातूत सुरू होणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या डोलण्याचंही, तसंच आहे. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती कुणाच्या तरी खात्यात जमा होते. ते खातं कुणाचं हे आधी ठरवलं तर पुढची निम्मी कामं आपोआप सुटतात. हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे. यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, एखाददुसरा लेझर आणि हॉटप्लेट एवढ्यावर ज्यांना काम भागवायचं आहे, ते डोळ्यांसमोर आहेत.

पायरी १: ऊर्जा कुठून गळते ते वेगळं करा

प्लाझ्मॉन म्हणजे धातूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचं एकसाथ डोलणं. प्रकाशाने ते सुरू होतं आणि साधारण १० फेम्टोसेकंदांच्या आसपास विरतं. विरण्याच्या वाटा मुख्यतः चार.

पहिली विकिरणाची. डोलणारे इलेक्ट्रॉन प्रकाश पुन्हा बाहेर फेकतात, ऊर्जा प्रकाशाच्याच रूपात निघून जाते. दुसरी ओहमिक: इलेक्ट्रॉन धातूतल्या अणूंच्या जाळीच्या कंपनांवर, अशुद्धींवर, स्फटिकांच्या सीमांवर आदळतात. तिसरी आंतरपट्ट संक्रमणाची, म्हणजे खालच्या ऊर्जापट्ट्यातला इलेक्ट्रॉन फोटॉन (प्रकाशकण) गिळून वरच्या पट्ट्यात जातो. सोन्यात ही वाट साधारण २.४ इलेक्ट्रॉन व्होल्टपासून उघडते, म्हणून ५२० नॅनोमीटरच्या खाली सोनं प्लाझ्मॉनिक्सला फारसं उपयोगी नाही. चांदीत ती ३.८ च्या आसपास, अतिनीलात उघडते; दृश्य प्रकाशात चांदी वरचढ ठरते ती त्यामुळेच. ॲल्युमिनियमचं गणित उलटं. त्याचा आंतरपट्ट शोषणाचा उंचवटा ८०० नॅनोमीटरजवळ आहे, अतिनीलात मात्र ते छान चालतं. चौथी वाट पृष्ठभागाची. सोन्या-चांदीत इलेक्ट्रॉनाची सरासरी मुक्त धाव साधारण ४० ते ५० नॅनोमीटर असते. कण १० नॅनोमीटरहून लहान झाला की इलेक्ट्रॉन सारखा भिंतीवर आपटतो आणि रेझोनन्स (ठरावीक तरंगलांबीला जोरात डोलणं) पसरट होतो.

विकिरण सोडलं तर बाकी तिन्ही वाटांचा शेवट एकच, उष्णता. पण ती लगेच होत नाही. आधी काही इलेक्ट्रॉन खूप ऊर्जा घेऊन पळतात (हॉट इलेक्ट्रॉन), ते शेकडो फेम्टोसेकंदांत आपापसात ऊर्जा वाटून घेतात, पिकोसेकंदात जाळी तापते, आणि शंभरेक पिकोसेकंदांत ती उष्णता भोवतालच्या पाण्यात उतरते. लॉस वापरायचा असेल तर या साखळीत कुठल्या टप्प्यावर हात घालायचा, हा प्रश्न पायरी ५ आणि ६ मध्ये येईल.

इथे एक कडू गोष्ट सांगून टाकतो. कण तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असेल तर त्याच्या रेझोनन्सचा क्वालिटी फॅक्टर (डोलणं किती आवर्तनं टिकतं त्याचं माप) फक्त धातूवर आणि तरंगलांबीवर ठरतो, आकारावर नाही. रॉड करा, तारा करा, त्रिकोण करा. आकार बदलून तुम्ही रेझोनन्स दुसऱ्या तरंगलांबीवर नेता, आणि फायदा झालाच तर तिथे धातू कमी शोषतो म्हणून होतो. "आम्ही नवीन आकार करून लॉस घटवला" असं प्रबंधात लिहिण्याआधी हे दोनदा तपासा.

पायरी २: मोजा, आणि काय मोजलंत ते समजून घ्या

यूव्ही-व्हिजिबलमध्ये मिळणारा आलेख शोषणाचा नसतो. तो एक्स्टिंक्शनचा, म्हणजे शोषण अधिक विखुरणं यांच्या बेरजेचा असतो. यंत्राच्या पडद्यावर "ॲबसॉर्बन्स" असं लिहिलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. लहान कणांत शोषण आकारमानाच्या प्रमाणात वाढतं, विखुरणं आकारमानाच्या वर्गाच्या प्रमाणात. सोन्याच्या ४० नॅनोमीटरच्या गोल कणात जवळपास सगळा वाटा शोषणाचाच असतो. ८० च्या आसपास विखुरणं त्याच्या तोडीला येऊ लागतं आणि पुढे त्याचंच राज्य. तेव्हा कण २० ते ४० चे असतील तर शिखराची उंची शोषण समजून चाला. मोठे असतील तर इंटिग्रेटिंग स्फिअर (विखुरलेला प्रकाशही गोळा करणारा पोकळ गोल) असलेलं यंत्र गाठा, त्याला पर्याय नाही.

शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी जरूर नोंदवा, पण ती थेट लॉस म्हणून वाचू नका. नमुन्यात लहानमोठे कण मिसळलेले असले तरी शिखर रुंद दिसतं. रुंदी धातूची की भेसळीची, हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं चित्र पाहिल्याशिवाय कळत नाही.

कण घरचे, म्हणजे टर्केविच पद्धतीचे असतील तर पाण्याकडे बघा. ही पद्धत १९५१ ची आणि आजही सगळ्यात भरवशाची: एक मिलिमोलर क्लोरोऑरिक ॲसिडचं २० मिलिलिटर द्रावण उकळतं ठेवायचं, त्यात एक टक्का ट्रायसोडियम सायट्रेटचं २ मिलिलिटर एका झटक्यात घालायचं आणि ढवळत राहायचं. फिकट पिवळा रंग उडतो, द्रावण काळपट होतं आणि दहाएक मिनिटांत माणकासारखं लाल होतं. हा लाल रंग हीच आपली पहिली चाचणी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार एवढे असतात की भांडं शेवटी त्या पाण्याने नुसतं विसळलं तरी कण एकमेकांना चिकटतात आणि द्रावण जांभळं-निळसर पडतं. मग शिखर सरकतं, पसरतं, आणि पोरगं आठवडाभर "वाढलेल्या डॅम्पिंग"ची कारणं शोधत बसतं. भांडी अॅक्वा रेजियाने (तीव्र आम्लांच्या मिश्रणाने) धुवा (फ्यूमहुडमध्येच) आणि शेवटची विसळणी डबल डिस्टिल्ड पाण्याची ठेवा.

पायरी ३: लॉस कुठे खरोखर नको, ते ठरवा

प्रकाश एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचा असेल तर लॉस शत्रूच. सोन्या-हवेच्या सीमेवरून ६३३ नॅनोमीटरचा पृष्ठ-प्लाझ्मॉन (धातूच्या पृष्ठभागावरून सरकणारा प्लाझ्मॉन) जेमतेम १० मायक्रोमीटर जातो, चांदीवर काही डझन मायक्रोमीटर. सोन्यावरच तरंगलांबी १५५० नॅनोमीटर केली की हे अंतर काही शे मायक्रोमीटरवर जातं. म्हणजे सगळ्यात स्वस्त उपाय तरंगलांबी वाढवणं हाच. त्याची किंमतही आहे: प्लाझ्मॉन धातूला कमी बिलगतो, सैल होतो. घट्ट बांधलेला आणि लांब जाणारा, असा प्लाझ्मॉन अजून कुणाला मिळालेला नाही.

धातूची फिल्म बनवणाऱ्यांसाठी चार गोष्टी, यांत तुमच्या हातात पुष्कळ काही आहे. व्हॅक्यूम चांगला आणि डिपॉझिशनचा वेग जास्त ठेवा. हळूहळू चढवलेल्या चांदीत उरलेला वायू अडकतो आणि स्फटिकही बारीक राहतात. काचेवर सोनं धरावं म्हणून क्रोमियम किंवा टायटॅनियमचा थर देतात. तो दोन-तीन नॅनोमीटरहून जाड होऊ देऊ नका, कारण हे दोन्ही धातू भरपूर शोषतात. जमलं तर त्याऐवजी थायॉल (गंधकाचा) गट असलेल्या सिलेनचा, म्हणजे काचेला धरणाऱ्या रेणूचा, रेणू-थर वापरा. फिल्म खडबडीत असेल तर प्लाझ्मॉन प्रत्येक उंचवट्यावर विखुरतो. आणि चांदी वापरलीत तर ती उघडी सोडू नका. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी पैंजण काळे पडतात तशीच ५० नॅनोमीटरची फिल्मही काळवंडते, फक्त पैंजण घासता येतात. काही नॅनोमीटर ॲल्युमिनाचा थर चढवला तर फिल्म टिकते.

ऑप्टिकल स्थिरांक पुस्तकातले घेणार असाल तर जॉन्सन आणि क्रिस्टी यांची १९७२ ची मापनं बहुतेकजण वापरतात. ती चांगल्या फिल्मची आहेत. तुमच्या फिल्मवर एलिप्सोमेट्री (परावर्तित प्रकाशाच्या पोलरायझेशनवरून हे स्थिरांक मोजणं) करता आली तर तोच आकडा खरा.

गेन मीडियमबद्दल थोडक्यात. डाय (रंगद्रव्य) किंवा सेमीकंडक्टर भोवती ठेवून बाहेरून ऊर्जा पुरवायची आणि लॉस भरून काढायचा, ही कल्पना पक्की आहे. बर्गमन आणि स्टॉकमन यांनी २००३ मध्ये स्पेसर, म्हणजे प्लाझ्मॉनचा लेझर, मांडला, २००९ मध्ये ४४ नॅनोमीटरच्या कणांत तो दाखवलाही गेला. पण लागणारा पंप एवढा तगडा की डाय जळतो, नॉइज वाढतो. एमएस्सीच्या प्रकल्पात याच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ४: लॉस जुळवा, म्हणजे तोच सिग्नल देतो

क्रेट्शमान मांडणी बऱ्याच जणांनी पाहिली असेल: काचेचा प्रिझम, त्यावर सोन्याची फिल्म, प्रिझममधून लेझर, आणि कोन बदलत परावर्तित प्रकाश मोजायचा. ६३३ नॅनोमीटरला, साध्या क्राउन काचेवर, पलीकडे हवा असेल तर ४४ अंशांच्या आसपास परावर्तन एकदम कोसळतं. फिल्म ५० नॅनोमीटर घ्या असं सगळे सांगतात. ५० च का, हे क्वचितच कुणी सांगतं.

फिल्मवरच्या प्लाझ्मॉनला ऊर्जा गमावायच्या दोन वाटा असतात. एक धातूत मुरायची, दुसरी प्रिझममध्ये परत गळायची. परत गळणारा प्रकाश आणि सरळ परावर्तित झालेला प्रकाश उलट्या फेजमध्ये असतात, म्हणजे एकाच्या लाटेचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो. दोन्ही वाटांचा वेग सारखा झाला की ते एकमेकांना पुरते मारतात आणि परावर्तन जवळपास शून्यावर येतं. सोन्यात हा समतोल ५० च्या आसपास साधतो. फिल्म पातळ असेल तर गळती जास्त, खड्डा रुंद आणि उथळ. जाड असेल तर प्रकाश पलीकडे पोचतच नाही. खड्डा अरुंद राहतो, पण तोही उथळ. म्हणून खड्डा उथळ दिसला की आधी रुंदी बघा, फिल्म कोणत्या बाजूला चुकली ते तीच सांगते. पोलरायझेशनही तपासा, विद्युतक्षेत्र आपाती प्रतलात नसेल तर प्लाझ्मॉन जागा होत नाही आणि खड्ड्याला तळच मिळत नाही.

धातूत लॉस शून्य असता तर हा खड्डाच पडला नसता. सगळा प्रकाश परत आला असता, फक्त त्याची फेज बदलली असती. ज्या सेन्सरवर प्रथिनांच्या चिकटण्या-सुटण्याचा अभ्यास जगभर चालतो, तो लॉसच्या जिवावर उभा आहे. हाच नियम परफेक्ट ॲब्सॉर्बरला लागू पडतो: आतला लॉस आणि बाहेरची गळती सारखी करा, शोषण पूर्ण होईल.

पायरी ५: उष्णता राबवून घ्या

आधी एक हिशेब, कारण इथे भल्याभल्यांच्या कल्पना भरकटतात. एकट्या कणाचं तापमान किती वाढेल? शोषण-छेद (कण जेवढ्या क्षेत्रफळावरचा प्रकाश गिळतो ते) गुणिले प्रकाशतीव्रता, भागिले (४π गुणिले पाण्याची उष्णतावाहकता गुणिले कणाची त्रिज्या). ४० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणाचा शोषण-छेद शिखरावर सुमारे २.९ गुणिले १० चा उणे १५ वा घात चौरस मीटर धरा. मे महिन्यातलं परभणीचं भर दुपारचं ऊन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १००० वॅट, आणि तेही सगळं शिखराच्या तरंगलांबीलाच आहे असं मानू. उत्तर येतं अंशाचा पन्नास हजारावा भाग! तोच कण एका चौरस मायक्रोमीटरवर एकवटलेल्या १ मिलिवॅट लेझरखाली ठेवा, तर १९ अंश.

तेव्हा उन्हात पाणी तापतं ते कोट्यवधी कणांच्या एकत्रित शोषणामुळे. एकेक कण भोवतालापेक्षा गरम असतो म्हणून नाही. यातून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. नुसतं पाणी तापवायचं असेल तर सोन्याची गरज नाही, काजळी तेच काम फुकटात करते. सोनं तिथे वापरा जिथे ठरावीक तरंगलांबीला, ठरावीक जागी, क्षणात उष्णता हवी: गाठीवरचे फोटोथर्मल (प्रकाशाने तापवून केलेले) उपचार, किंवा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या तपासणी-पट्टीवरची लाल रेघ. ती रेघ सोन्याच्या नॅनोकणांची असते; डोळ्याला न दिसणारी फिकट रेघ लेझरने तापवून थर्मल कॅमेऱ्याने वाचता येते.

लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हापासून आपल्याकडे सौर ऊर्जेवर खारं पाणी गोड करण्याचे प्रकल्प दर वर्षी विज्ञान प्रदर्शनांत असतात. त्यांनी एवढं गणित जवळ ठेवावं: चौरस मीटरवर तासाला ३६ लाख जूल ऊन, एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २४ लाख जूल. म्हणजे शंभर टक्के कार्यक्षमतेलाही तासाला दीड लिटर. त्याहून मोठा आकडा दिसला तर वाफेची सुप्त उष्णता परत वापरली आहे का, की वाऱ्याने सुकलेलं पाणीही मोजलं आहे, ते विचारा.

आता प्रयोगशाळेत करायची खरी गोष्ट, फोटोथर्मल कार्यक्षमता. गिळलेल्या प्रकाशातला किती भाग उष्णता झाला ते यातून कळतं.

क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक कुपीत) एक मिलिलिटर द्रावण घ्या. लेझर शिखराशी जुळणारा निवडा. सायट्रेटचे गोल कण ५२० जवळ शोषतात, त्यांना ५३२ चा हिरवा लेझर. ८०८ चा लेझर नॅनोरॉडसाठी असतो, गोल कणांवर तो जवळपास वाया जातो. ८०८ डोळ्यांना धड दिसत नाही आणि म्हणूनच जास्त धोकादायक आहे, त्या तरंगलांबीचा गॉगल नसेल तर प्रयोग करूच नका. थर्मोकपलचं टोक द्रावणात, पण किरणाच्या वाटेबाहेर ठेवा. किरणात आलं तर तुम्ही तारेचं तापमान मोजाल. तापमान स्थिरावेपर्यंत लेझर चालू, मग बंद, आणि थंड होण्याची नोंद दर दहा सेकंदांनी. नंतर तेच सगळं नुसत्या पाण्यावर.

थंड होतानाच्या प्रत्येक क्षणाच्या तापमानवाढीला कमाल वाढीने भागा, नैसर्गिक लॉग घ्या, वेळेसमोर मांडा. सरळ रेषेच्या उतारावरून कालस्थिरांक मिळतो. समजण्यापुरते आकडे घेऊ: कालस्थिरांक २५० सेकंद, एक ग्रॅम पाण्याची उष्णताधारकता ४.२ जूल प्रति अंश. भागाकार ०.०१६८ वॅट प्रति अंश, ही उष्णता बाहेर जाण्याची गती. कमाल वाढ २० अंश असेल तर एकूण ०.३३६ वॅट. नुसतं पाणी २ अंश तापलं, त्याचे ०.०३४ वजा, उरले ०.३०२. लेझर अर्ध्या वॅटचा, लेझरच्या तरंगलांबीला ॲबसॉर्बन्स १, म्हणजे ९० टक्के अडवले गेले, ०.४५ वॅट. कार्यक्षमता ६७ टक्के.

गणित सोपं आहे, पण आपल्या हवेत हा प्रयोग बिघडायला वेळ लागत नाही. एप्रिल-मेमध्ये खोली सकाळी ३२ आणि दुपारी ४० अंशांवर असते, त्यामुळे "खोलीचं तापमान" हा एकच आकडा धरून चालत नाही. दुसरा थर्मोकपल शेजारी साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि फरक मोजा. पंखा बंद. कूलर तर नक्कीच बंद, त्याचा झोत क्युव्हेटवर आला की कालस्थिरांक झर्रकन खाली येतो. हवा कोरडी असते, तेव्हा क्युव्हेटला झाकण लावा, नाहीतर बाष्पीभवनाने नेलेली उष्णता कणांच्या खात्यातून वजा होईल. लाइटचा भरवसा नसलेल्या ठिकाणी लेझर यूपीएसवर चालवा आणि त्याची पॉवर सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजा.

पायरी ६: हॉट इलेक्ट्रॉन पकडायचे असतील तर

जाळी तापायच्या आत इलेक्ट्रॉन उचलायचे, तर धातूला लागून सेमीकंडक्टर हवा. सोनं आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांच्या सीमेवरचा शॉटकी अडथळा (इलेक्ट्रॉनाला ओलांडावी लागणारी ऊर्जेची भिंत) साधारण १ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. त्याहून जास्त ऊर्जा असलेला आणि योग्य दिशेने निघालेला इलेक्ट्रॉनच पलीकडे जातो. बहुतेक वाटेतच गारठतात, म्हणून कार्यक्षमता कमी. फायदा असा की सेमीकंडक्टरच्या बँडगॅपपेक्षा (त्याला स्वतः प्रकाश शोषायला लागणाऱ्या किमान ऊर्जेपेक्षा) कमी ऊर्जेचा प्रकाशही पकडता येतो.

फोटोकॅटॅलिसिस (प्रकाशाने अभिक्रियेला वेग देणं) करणाऱ्यांनी एक नियंत्रण प्रयोग टाळू नये: प्रकाशात नमुना जेवढा तापला तेवढाच अंधारात हॉटप्लेटवर तापवून अभिक्रियेचा वेग मोजा. तोच वेग आला तर श्रेय उष्णतेचं. वेग तीव्रतेच्या सरळ प्रमाणात वाढला म्हणजे हॉट इलेक्ट्रॉनच, असंही नाही. तापमानवाढ थोडी असेल तर उष्णतेचा परिणामही सरळ रेषेतच दिसतो.

पायरी ७: नको असलेली उष्णता बाहेर काढा

उष्णता वापरणारं उपकरणही शेवटी तिनेच खराब होतं. उष्णतेच्या साहाय्याने लिहिणाऱ्या नव्या हार्ड डिस्कमध्ये प्लाझ्मॉनिक अँटेना डिस्कवरचा काही डझन नॅनोमीटरचा ठिपका ४०० अंशांच्या वर नेते, म्हणजे तिथला चुंबकीय पदार्थ लिहिण्यापुरता नरम पडतो. २०२४ च्या जानेवारीत सीगेटने अशा ३० टेराबाइटच्या वरच्या ड्राइव्ह जाहीर केल्या. यातला वर्षानुवर्षांचा खल तो ठिपका तापवण्याइतकाच अँटेना थंड ठेवण्यावर झाला. सोनं १०६४ अंशांना वितळतं खरं, पण नॅनोरॉड त्याच्या कितीतरी आधी गोल होऊ लागतात. जास्त तापणाऱ्या कामाला टायटॅनियम नायट्राइड बघा. लॉस सोन्यापेक्षा थोडा जास्त, पण वितळणबिंदू २९०० अंशांच्या वर. चिप असेल तर काचेऐवजी सिलिकॉन किंवा सफायरचा पाया घ्या, उष्णता खाली झटकन उतरते.

शोषण किती कमी असलं म्हणजे दुर्लक्ष करता येईल, असं कुणी विचारलं तर मी हिंगोलीकडे बोट दाखवतो. औंढा नागनाथजवळ उभी राहत असलेली लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा ज्या आराखड्यावर बेतली आहे, त्यात आरशांचे थर प्रकाशाचा दहा लाखांतला एखादा भागही शोषत नाहीत. पण चार किलोमीटरच्या भुजांत शेकडो किलोवॅट प्रकाश फिरत असतो, आणि तेवढ्या शोषणानेही आरशाचा आकार बदलतो. तो सरळ करायला आरशाभोवती हीटरचं कडं बसवावं लागतं, म्हणजे उष्णतेचा उतारा उष्णतेनेच.

तुमच्या नमुन्याचं काय झालं हे बघायला मात्र साधी सवय पुरते. लेझरखालून काढलेला प्रत्येक नमुना पुन्हा यूव्ही-व्हिजिबलमध्ये घाला. शिखर जागेवर आणि उंची तीच असेल तर आकडे वहीत चढवा. रॉडचं लांब तरंगलांबीचं शिखर बुटकं होऊन ५२० चं वर आलं असेल तर कण गोल झाले. त्या लेझर पॉवरचे आणि तिच्या वरचे सगळे आकडे बाजूला ठेवा, पॉवर निम्मी करा आणि ताजा नमुना घ्या.